मडगार्ड, साइड पॅनेल, टेल काउल: खरचटलेल्या रंगाच्या प्रकल्प नोंदी

दुचाकी १५० सीसीची, २०१७ सालची. रंग काळा, साइड पॅनेल वाइन रेड मेटॅलिक. टाकी आणि बाकीचे पत्र्याचे भाग ठीक आहेत, काम फक्त प्लास्टिकच्या तीन भागांवर: मडगार्ड, साइड पॅनेल आणि टेल काउल, म्हणजे सीटमागचं शेपटाकडचं आवरण. जागा पुण्यातली गच्ची. फेब्रुवारी मुद्दाम निवडला: हवा कोरडी, ऊन पुरेसं, रंग वाळायला दिवसभर थांबावं लागत नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

तिन्ही भाग उतरवले. मडगार्डचे चार बोल्ट १० च्या पान्याने निघाले. साइड पॅनेलला स्क्रू नाही, तीन खुंट्या रबरी बुशांत रुतलेल्या असतात. एका कोपऱ्यातून उचकटलं की लांबची खुंटी बुडातून मोडते, कारण इतक्या वर्षांत रबर कडक झालेलं असतं. बुशांवर साबणाचं पाणी सोडून पाच मिनिटं थांबलो, मग प्रत्येक खुंटीच्या मागे बोटं घालून सरळ बाहेर ओढलं. तरी एका खुंटीच्या बुडाशी ३ सेंमीची जुनी चीर निघालीच.

बुश मऊ करायला सिलिकॉन स्प्रे मारा, असा सल्ला सर्रास मिळतो. रंगकाम करायचं असेल तर तो डबा बाहेर काढूच नये. कारण पुढे १५ तारखेच्या नोंदीत आहे.

स्क्रू अंड्याच्या ट्रेमध्ये, प्रत्येक खळग्यात एका जागेचे. भांडी घासायच्या लिक्विडने तिन्ही भाग आतून-बाहेरून धुतले. कडांच्या आतला चिखल जुन्या टूथब्रशने काढावा लागतो. तो राहिला तर ओल्या घासकामात पाण्याबरोबर बाहेर येतो आणि नवे ओरखडे पाडतो.

मग पाहणी. मडगार्डच्या पुढच्या बाजूला पंख्यासारखी कमानदार ओरखड्यांची जाळी आहे. हे काम लिंबू-मिरचीच्या तारेचं: गाडी धावताना तार झुलते आणि तिचं टोक त्याच कमानीत घासत राहतं. शिवाय खडे लागून दोन टवके. साइड पॅनेलवर बुटाने घासून तळहाताएवढा पांढुरका डाग, आणि पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीच्या फूटरेस्टने ओढलेली ६ सेंमीची खोल रेघ. टेल काउलवर मागे बसणाऱ्याच्या चपला-बुटांचे आडवे फराटे.

यातलं किती रंगाचं काम आहे ते पाण्याने कळतं. ओला हात फिरवायचा. रेघ पाण्याखाली गायब झाली आणि पाणी वाळताच परत आली, तर ती फक्त वरच्या क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात आहे, रंग शाबूत आहे. दिसत राहिली पण नख अडकत नाही, तर रंगापर्यंत गेली आहे. नख अडकतं आणि तळाशी वेगळाच रंग दिसतो, तर प्रायमर किंवा प्लास्टिक उघडं पडलंय. टेल काउलवरचे जवळजवळ सगळे फराटे गायब झाले, म्हणजे त्याला स्प्रे लागणारच नाही. ही परीक्षा न करता सरसकट रंग मारणारे चांगला कारखान्याचा थर घासून टाकतात आणि त्याजागी घरचा थर चढवतात. असा सौदा कशाला करायचा?

रविवार, २ फेब्रुवारी

टेल काउल उरकलं. २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला घासायचा कागद, नंबर जितका मोठा तितका बारीक) साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवला, फक्त फराट्यांवर एकाच दिशेने हलका फिरवला. घासताना पाणी दुधाळ दिसलं की क्लिअर निघतोय, काळं दिसलं की रंग निघतोय, तिथे लगेच थांबायचं. मग रबिंग कंपाऊंड, मायक्रोफायबर कापडाने हाताने. कडांवर आधी मास्किंग टेप लावला, कारण क्लिअर कडांवर सर्वांत पातळ असतो आणि पेपर तिथेच आधी आरपार जातो. दोन खोल रेघा जवळून दिसतात. त्या राहू द्यायच्या.

उरलेल्या दोन भागांचं प्लास्टिक ओळखलं. मागच्या बाजूला बाणांच्या चिन्हांत ठसा असतो. साइड पॅनेलवर ‘एबीएस’, मडगार्डवर ‘पीपी’ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ठसा पुसट असेल तर आतल्या कडेचा नखाएवढा ढलपा ब्लेडने काढून पाण्यात टाकायचा: पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. पीपीमध्ये टाल्क मिसळलेली असेल तर तेही बुडू शकतं, म्हणून ठसा मिळाला तर त्याच्यावरच विश्वास.

हा फरक कागदी नाही. एबीएसवर रंग सहज चिकटतो, पण तीव्र थिनर त्याला खातो. पॅनेलच्या मागच्या बाजूला एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांच्या) थिनरचा एक थेंब टाकून पाहिला: मिनिटभरात चकाकी गेली, बोट चिकटलं आणि ठसा उमटला. पुढच्या बाजूने हेच झालं असतं तर ताणाच्या जागी केसासारख्या चिरा पडायला वेळ लागला नसता. पीपीचं उलट. त्याला थिनरने काही होत नाही आणि त्याच्यावर काही चिकटतही नाही. नुसता प्रायमर मारला तर वाळल्यावर नखाने सालीसारखा निघतो. म्हणून दोन्ही भाग पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पीपीसाठी वेगळा अधेजन प्रमोटर, म्हणजे प्रायमर चिकटावा म्हणून आधी मारायचा थर.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

रंग मिक्स करून आणला. दुचाकीच्या भागांसाठी नाना पेठ आहेच, आणि रंग मिक्स करणारी दुकानं तिथून जवळ. रंगाचं नाव सांगून भागत नाही, पॅनेलच घेऊन जावं लागतं. जायच्या आधी पॅनेलवर दोन बोटांचा चौकोन कंपाऊंडने चमकवून घेतला. मळलेल्या, रापलेल्या पृष्ठभागाशी जुळवलेला रंग पॉलिशनंतर फिका पडतो. सीटखालच्या कडेला मूळचा गडद लाल आहे, पण जुळवायचा तो उन्हात उतरलेल्या भागाशी. गाडीवर तो उजव्या बाजूच्या तितक्याच उतरलेल्या पॅनेलचा जोडीदार असणार आहे. नमुना दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहून उपयोग नाही. बाहेर उन्हात समोरून, मग पॅनेल तिरकं धरून पाहायचा. मेटॅलिक समोरून जुळतो आणि तिरका धरला की काळपट दिसतो, असं बऱ्याचदा होतं. दुसऱ्या खेपेला जुळला.

आणलेलं सामान: लाल बेस कोट (क्लिअरखालचा रंग) १०० मिलि आणि त्याचाच थिनर, टू-के (हार्डनर मिसळून कडक होणारा) क्लिअर २०० मिलि आणि हार्डनर १०० मिलि, काळ्या ॲक्रिलिकचा ४०० मिलिचा स्प्रे कॅन, करडा प्लास्टिक प्रायमर एक कॅन, अधेजन प्रमोटर एक कॅन, प्लास्टिकसाठीची लवचीक लांबी (खोल रेघा भरायची पुट्टी) छोटा डबा, पेपर ४००, ६००, ८००, १०००, १५००, २००० प्रत्येकी दोन. काळा कॅन घेताना ‘ॲक्रिलिक’ शब्द वाचूनच घेतला. शेजारीच सिंथेटिक इनॅमलचे तसेच दिसणारे कॅन असतात. इनॅमल अर्धवट वाळलेलं असताना त्यावर क्लिअर गेला की खालचा थर फुगून सुरकुततो, मग सगळं खरवडून पहिल्यापासून.

घरी आल्यावर चिरेसाठी लगदा लावून ठेवला. तुटक्या एबीएस पॅनेलचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे काचेच्या बाटलीत, बुडतील एवढंच ॲसिटोन, झाकण घट्ट. रात्रभरात काकवीसारखा होतो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आधी चीर. तिच्या टोकाला २ मिमीचं भोक पाडलं, नाहीतर गाडीच्या थरथरीने चीर पुढे सरकते. मागून चिरेवर व्ही आकाराची खाच, तिच्यात लगदा, त्यावर बारीक जाळीचा तुकडा, पुन्हा लगदा. लगदा चिकटतो तो ॲसिटोन खालचं एबीएस विरघळवून त्याच्याशी एकजीव करतं म्हणून. त्यामुळे एकदम जाड थापायचा नाही, नाहीतर ॲसिटोन आरपार येऊन पुढची बाजू मऊ पडते. दोन पातळ थर, मध्ये तीन तास. फेविक्विक आणि खाण्याच्या सोड्याचा उपाय झटपट होतो, पण तो सांधा काचेसारखा ठिसूळ. खुंटीच्या बुडाशी तो टिकत नाही.

मग घासकाम. पेपरमागे लाकडी ठोकळ्याऐवजी जुन्या स्लिपरच्या तळाचा तुकडा वापरला. पेंटर लोकांचा हा जुना जुगाड वक्र प्लास्टिकवर कुठल्याही विकतच्या ब्लॉकपेक्षा चांगला बसतो. खोल रेघेभोवती ४०० ने सुरुवात, बाहेरच्या बाजूला ६००. रेघेच्या कडेला रंग, प्रायमर आणि प्लास्टिक असे तीन थर पायऱ्यांसारखे उघडे पडतात. त्या पायऱ्या उतार होईपर्यंत घासायच्या. निकाल डोळ्याने नाही, बोटाने: डोळे मिटून करंगळी फिरवली तरी कड लागता कामा नये. ६ सेंमीच्या रेघेसाठी उतार दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंमी गेला. बाकीच्या पॅनेलवर ८०० ने नुसती चकाकी मोडली.

मडगार्ड अजिबात कोरडं घासलं नाही. उघडं पीपी कोरडं घासलं की त्याला कापसासारखी लव सुटते आणि ती लव प्रायमरमधून वर येते. भरपूर पाणी आणि ६०० चा हलका हात.

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ११ वाजता २८ अंश, आर्द्रता ३८ टक्के

पॅनेलच्या रेघेत लांबी भरली. लिंबाएवढ्या लांबीला वाटाण्याएवढं हार्डनर पुरतं. जास्त घातलं तर आधी हातातच दगड होते, आणि उरलेलं हार्डनर पुढे रंगातून पिवळट डाग होऊन वर येतं. थर एक मिलिमीटरच्या आत. चाळीस मिनिटांनी ४०० ने सपाट. मडगार्डवर लांबी नाही. ते वाकतं आणि लांबी तडकते.

मडगार्डवर जिथे जिथे पीपी उघडं पडलं तिथे अधेजन प्रमोटरचा एक पातळ हात. कॅनवर पुढचा थर मारायची जी वेळ दिलेली असते ती पाळावीच लागते. ती उलटून गेली तर प्रमोटर पुन्हा मारायचा. दहा मिनिटांनी प्रायमर. जुन्या रंगाला प्रमोटर लागत नाही, तिथे घासलेला पृष्ठभाग पुरे.

प्रायमर दोन्ही भागांवर तीन हात. कॅन आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवला, म्हणजे दाब चांगला येतो आणि फवारा बारीक होतो. कोमट म्हणजे हाताला सोसेल इतकंच. गॅसजवळ किंवा उकळत्या पाण्यात कॅन म्हणजे फटाका. आतली गोळी वाजायला लागल्यापासून दोन मिनिटं हलवायचा. अंतर वीतभर. बटण भागाच्या बाहेर दाबायचं, हात सरळ पुढे न्यायचा, भागाच्या बाहेर सोडायचं, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. पहिला हात धुक्यासारखा, खालचं दिसत राहील असा. तो दहा मिनिटं सुकला की दुसरा त्याला धरून बसतो, ओघळत नाही. बहुतेक ओघळ पहिल्याच हातात सगळं झाकायच्या घाईने येतात.

जुन्या पॅनेलच्या एका तुकड्यावर तपासणीसाठी तेच थर मारून ठेवले.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आठवडाभरात प्रायमर बसला आणि लांबीची कड किंचित वर दिसायला लागली. दुसऱ्याच दिवशी रंग मारला असता तर हीच कड क्लिअरखालून कायमची दिसली असती. प्रायमरवर काळ्या कॅनची हलकी शिंपडण केली आणि ८०० ने ओलं घासलं. काळे ठिपके जिथे उरतात तिथे खोलगट, जिथे आधी जातात तिथे उंचवटा. ठिपके सगळे जाईपर्यंत घासलं.

मडगार्ड काळं केलं: चार पातळ हात, सुमारे निम्मा कॅन. ठीक.

पॅनेलसाठी रंग फवारायची मिनी गन, ०.८ मिमी नोझल, भाड्याचा २४ लिटरचा कंप्रेसर, दाब २ बार. पाइपमध्ये पाणी अडवणारा फिल्टर लावलाच पाहिजे, नाहीतर टाकीतलं साचलेलं पाणी थेंबाथेंबाने रंगात येतं. लाल आणि थिनर निम्मे-निम्मे, ३० आणि ३० मिलि. पहिला हात पडताच मधोमध तीन वाटोळे खड्डे उघडले, मुगाएवढे, तळाशी करडा प्रायमर. रंग तिथून स्वतःहून मागे सरकतो. हे सिलिकॉन. कारण लगेच सापडलं: पॅनेल शेवटचं पुसायला घेतलेलं कापड तेच होतं, ज्याने सकाळी टेल काउलची आतली खडबडीत बाजू पुसली होती, आणि तिथे जुनं डॅशबोर्ड पॉलिश मुरलेलं होतं. साबणाने एकदा धुऊन ते निघत नाही.

अशा वेळी वरून रंग वाढवत नेणं हा चुकीचा मार्ग. खड्डा भरत नाही, त्याच्या कडा जाड होतात. थांबलो. तासाभराने ८०० ने पूर्ण पॅनेल ओलं घासून खड्डे प्रायमरपर्यंत काढले, साबणाने दोनदा धुतलं, मग दोन नवी कापडं: एकाने अल्कोहोल लावायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपायचं. एकाच कापडाने पुसत राहिलं तर तेलकटपणा फक्त इकडचा तिकडे होतो. खड्डे टाळायला रंगात घालायचे थेंबही मिळतात, पण तेही सिलिकॉनचेच. एकदा घातले की गन आणि पुढचा प्रत्येक थर त्याच नादी लागतो.

संध्याकाळी पाचनंतर काही मारलं नाही. त्या वेळेला चिलटं येतात आणि ओल्या रंगावरच बसतात.

रविवार, १६ फेब्रुवारी. ३० अंश, आर्द्रता ३४ टक्के

लाल पुन्हा. फ्रिजच्या खोक्याचा आडोसा, खाली फरशी ओली केलेली, म्हणजे धूळ उडत नाही. दुरुस्तीच्या जागेवर दोन हात, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा तीन-चार सेंमी बाहेर नेलेला. लाल रंग झाकायला कमकुवत असतो. करडा प्रायमर खाली होता म्हणून तिसरा लागला. शेवटचा हात दीड वीत अंतरावरून, दाब कमी करून, नुसता धुरासारखा. त्याने मेटॅलिकची चमक सारखी पसरते. हा हात चुकला तर वाघासारखे पट्टे दिसतात. मेटॅलिक बेस वाळल्यावर घासायचा नाही, चमकीच्या पापुद्र्या कापल्या जाऊन काळा डाग पडतो.

वीस मिनिटांनी क्लिअर. दोन्ही भागांचं क्षेत्रफळ मिळून जेमतेम पाव चौरस मीटर. क्लिअर ६० मिलि, हार्डनर ३०, थिनर ६, एवढ्यात दोन हात होऊन थोडा उरला. घरी सहसा याच्या दुप्पट कालवला जातो आणि डब्यात दगड होऊन फेकला जातो. कालवताना मोजपट्टीचा कप वापरायचा. हार्डनर अंदाजाने घातलं तर क्लिअर आठवड्यानंतरही नखाने दबतो.

टू-के हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कापडी किंवा धुळीच्या मास्कचा इथे काही उपयोग नाही, निदान सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे लागतात. काम उघड्यावर, आजूबाजूला लहान मुलं नकोत.

क्लिअर कधीच पॅनेलच्या मधोमध थांबवायचा नाही. रंगाची दुरुस्ती हाताएवढी असली तरी क्लिअर पूर्ण पॅनेलवर, कडेपासून कडेपर्यंत. मध्येच सोडलेल्या क्लिअरची कड काही महिन्यांत पांढरी पडून सोलायला लागते. पहिला हात मध्यम, दुसरा ओला. दोन्हींमध्ये बारा मिनिटं. वेळ झाली का ते शेजारच्या मास्किंग टेपवर पडलेल्या क्लिअरला बोट लावून पाहायचं: चिकट लागावा, तार ओढू नये. मडगार्डच्या खालच्या कडेला एक ओघळ आला. हात लावला नाही. ओला ओघळ पुसायला गेलं की बोटभर दोषाचा वीतभर होतो.

भाग लगेच उन्हात ठेवले नाहीत. वरची साय आधी धरली तर आतला थिनर बुडबुडे फोडत बाहेर येतो. सावलीत रात्रभर, दुसऱ्या दिवसापासून ऊन.

तपासणीच्या तुकड्यावर अर्ध्या भागात हाच टू-के क्लिअर, अर्ध्यात साधा कॅनमधला वन-के (हार्डनर नसलेला).

रविवार, २३ फेब्रुवारी

ओघळ आधी कापला: नव्या ब्लेडला दोन्ही टोकांना टेप लावून मध्ये सेंटिमीटरभर धार उघडी ठेवली आणि ती ओघळावरून खरवडत नेली. टेपच्या जाडीमुळे ब्लेड आजूबाजूच्या क्लिअरमध्ये रुतत नाही. मग १५००, २०००, कंपाऊंड. पॅनेलवर संत्र्याच्या सालीसारखा पोत होता, तो निम्माच काढला. कारखान्याच्या रंगावरही तसा पोत असतोच, आणि आरशासारखं पॅनेल बाकीच्या गाडीवर परकं दिसतं.

मडगार्डचे दोन टवके स्प्रेच्या आधीच काडेपेटीच्या काडीच्या टोकाने काळ्या रंगाचे तीन-तीन थेंब टाकून भरले होते. आता शोधून सापडत नाहीत.

वॅक्स आत्ता नाही. महिनाभर थांबायचं, क्लिअरमधला उरलेला थिनर अजून बाहेर पडतोय.

शनिवार, १ मार्च

तपासणीच्या तुकड्यावर पेट्रोलने भिजवलेला कापूस अर्धा मिनिट ठेवला. वन-के चा भाग चिकट झाला आणि कापसाचे धागे त्यात रुतले. टू-के वर काही नाही. साइड पॅनेल टाकीच्या थेट खाली आहे आणि पंपावर गळ्यापर्यंत भरलेली टाकी त्याच्यावरच सांडते, तेव्हा इथे वन-के मारणं म्हणजे पहिल्या सांडणीपर्यंतचं काम.

त्याच तुकड्यावर ब्लेडने दोन मिमी अंतरावर उभ्या-आडव्या रेघा मारून टेप दाबून झटक्यात ओढला. एकही चौकोन निघाला नाही.

जोडणी: साइड पॅनेलचे तिन्ही रबरी बुश नवे, आत साबणाचं पाणी लावून. खुंटीवर जोर येतो तो बुश कडक झाल्यामुळे, त्यामुळे नुसती चीर बुजवून जुनेच बुश ठेवले असते तर सहा महिन्यांत पुन्हा तेच. मडगार्डचे बोल्ट आधी चारही हाताने लावले, मग आलटून-पालटून आवळले. बोल्टच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर, नाहीतर आवळताना नवा क्लिअर गोल कापला जातो.

उजेडात दहा पावलांवरून लाल जुळतो. तिरक्या उन्हात डावं पॅनेल उजव्यापेक्षा अगदी किंचित गडद.

लिंबू-मिरची आता सुती दोऱ्यात, मडगार्डला टेकणार नाही इतकी आखूड बांधली आहे. तार काढून टाकली.